लांजेवारजींचा साहेब

आमच्या घरी पहिल्यांदा आले, तेव्हा लांजेवारजींनी मी दिलेला पाण्याचा पेला उजेडाकडे धरला, हुंगला आणि न पिता खाली ठेवला. मग खांद्यावरच्या कापडी पिशवीतून लोणच्याची एक काचेची बरणी काढली. बरणीत बोटाएवढा चंदेरी मासा होता. पाठोपाठ दुसरी रिकामी बरणी निघाली. माझ्या पेल्यातलं पाणी तिच्यात ओतून, चहाच्या गाळणीनं मासा उचलून त्यांनी त्या पाण्यात सोडला आणि मनगटावरच्या घड्याळाकडे बघत बसले.

"काका, हे काय?" मी विचारलं.

"धा मिनिटं थांबा मॅडम. पह्यले साहेब पिते, मंग मी पितो."

आम्ही कॉलनीत नवीन होतो. ओळख व्हावी म्हणून शेजारच्या काकांना पोहे खायला बोलावलं होतं. माझा नवरा प्रकाश, मी आणि ते, तिघंही दहा मिनिटं त्या माशाकडे बघत बसलो. पोहे गार झाले. माशानं बरणीत दहा-बारा चकरा मारल्या, एकदा काचेला तोंड लावून प्रकाशकडे रोखून पाहिलं. वेळ संपल्यावर लांजेवारजींनी त्याला परत त्याच्या बरणीत ठेवलं, दुसरा पेला मागितला आणि एका दमात प्यायला.

"साहेबानं सही केली. पाणी चांगलं आहे तुमचं. पण कोणाले सांगू नका."

"का बरं?"

"सांगितलं का कोणीतरी काहीतरी करते."

लांजेवारजी मूळचे भंडाऱ्याकडचे. तरुणपणी भिलाईत आले, कारखान्यात लागले आणि सगळी नोकरी पंपहाऊसात काढली. तिथे तपासणाऱ्या साहेबाची सही झाल्याशिवाय पाणी पुढे सोडायचं नाही, असा नियम. रिटायर झाल्यावर त्यांनी क्वार्टर सोडलं आणि नंदिनी रोडच्या आत, तलावाला लागून घर बांधलं. इथे पाणी होतं, पण सही करणारं कुणी नव्हतं. म्हणून त्यांनी तलावात गमछा टाकून एक मासा धरला आणि त्याला साहेब नेमलं. साहेब जरा थकलेला दिसला की त्याला परत तलावात सोडत आणि नवा आणत. जुन्याला ते 'रिटायर केलं' म्हणत. नळाच्या पाण्यात औषध असतं, मासा मरणारच, असं प्रकाशनं एकदा ऐकवलं, तर त्यांनी त्याला क्लोरीनवर अर्धा तास शिकवलं. वास पूर्ण उडाल्याशिवाय ते साहेबाला पाण्यात उतरवतच नसत. एवढं करून स्वतः पक्के शाकाहारी. मासळीबाजाराच्या रस्त्यानंही जात नसत. म्हणे, साहेबाले बरं नाही वाटत.

घरात ते एकटेच. मुलगी लग्न होऊन पुण्याला. दिवसभर काम एकच, संशय घेणं. पाणीपुरीवाल्याचा माठ, दूधवाल्याची कॅन, पाण्याच्या जारचा टेम्पो, महापालिकेचा टँकर, कुणाच्या बोअरला आलेला पिवळा रंग, कुणाच्या नालीतला फेस. सगळ्याकडे ते डोळे बारीक करून बघत आणि म्हणत, "कोणीतरी काहीतरी करून राहिलं, मॅडम. मी नाव घेत नाही."

नाव ते खरंच कधी घेत नसत. मला वाटायचं, नावं फार आहेत, कुठून सुरू करावं ते कळत नसेल.

एकदा कॉलनीचे अध्यक्ष वर्माजी यांच्या मुलीचं लग्न रायपूरला होतं. आम्ही बसनं निघालो. लांजेवारजींच्या मांडीवर बरणी. कुम्हारीला कंडक्टरची नजर पडली.

"चाचा, मछली नहीं चलेगी. बास मारती है."

"जिंदा है ये."

"जिंदा का तो टिकट लगेगा."

"आधा लगेगा," लांजेवारजी शांतपणे म्हणाले, "अभी छोटा है."

बस हसली, कंडक्टर हरला. लग्नात त्यांनी जलजिऱ्याच्या टेबलावर एका कोपऱ्यात बरणी मांडून पाण्याची तपासणी सुरू केली. तेवढ्यात नवरदेवाचे काका ताट घेऊन आले, बरणीकडे बोट दाखवून वाढप्याला म्हणाले, "भैया, ये वाला तल दो." लांजेवारजींनी बरणी छातीशी धरून जो आरडाओरडा केला, त्यानं बँड थांबला. वरपक्षाला वाटलं, आपल्या पाण्यात विष सापडलं. कुणी घोटभर प्यायला तयार होईना. त्या दिवसापासून वर्माजींनी त्यांच्याशी बोलणं सोडलं.

संशय घेणाऱ्या माणसाच्या शेजारी राहिलं की आपल्यालाही तो लागतो. महिनाभरात मी वरणाची वाटी खिडकीत उजेडाकडे धरून बघताना प्रकाशनं मला पकडलं. शाळेत मुलांच्या बाटल्या हुंगू लागले. माझी मुलगी घरात मराठी बोलायचं टाळते, ती म्हणाली, "मम्मी, आप भी लांजेवार अंकल हो गई हो."

एप्रिलमध्ये नळ एक दिवसाआड झाला. त्याच आठवड्यात ठेल्यावर निळे ड्रम घेऊन एक माणूस येऊ लागला. मनहरण त्याचं नाव. अहिवाऱ्याकडचा, काटकुळा, बोलायला गोड. "एकदम साफ हे मॅडम, धो-धा के लाए हौं." बाजारात नव्या ड्रमला जे पडतं, त्याच्या निम्म्यातच हा मिळत होता. आमच्या ओळीत प्रत्येकानं घेतला. मी दोन घेतले. ड्रमवरचं लेबल खरवडलेलं होतं, कुठल्याशा लांबलचक इंग्रजी शब्दाचं शेपूट तेवढं उरलं होतं. आत पिकून काळ्या पडलेल्या केळ्यासारखा गोडसर वास होता. दोनदा साबणानं धुतल्यावर तो गेला. किंवा आम्हाला त्याची सवय झाली.

शनिवारी लांजेवारजी नेहमीप्रमाणे आले. साहेब माझ्या पेल्यातल्या पाण्यात उतरला, दोन चकरा मारल्या आणि चौथ्या मिनिटाला आडवा झाला. त्यांनी घाईनं त्याला परत त्याच्या पाण्यात टाकलं, पण तो तिथेही आडवाच राहिला.

लांजेवारजींनी माझ्याकडे पाहिलं. कॉलनीतल्या नालीकडे बघतात, तसं.

"मॅडम, काय टाकलं तुमी पाण्यात?"

"काही नाही हो!"

"फिनाइल? झुरळाचं औषध? आठवा."

"काका, एक मासा मेला," प्रकाश वैतागला. "त्यात एवढी उलटतपासणी कशाला?"

त्यांनी साहेबाला रुमालात गुंडाळलं आणि निघून गेले. मला राग आला. आपल्या घरात बसून आपल्यालाच गुन्हेगार ठरवतात म्हणजे काय?

पुढच्या दहा दिवसांत ते घरोघर फिरले. आणखी दोन साहेब गेले. लोक त्यांना बघून दार लावून घेऊ लागले. मग गणपतीच्या शेडमध्ये कॉलनीची बैठक झाली आणि वर्माजींनी मनातलं बोलून टाकलं.

"मैं पूछता हूँ, ये बुढ़ऊ रोज सुबह बोतल लेके तालाब पे क्या करता है? बात सच साबित करने के लिए खुद ही कुछ डालता होगा."

मीही त्यांना पाहिलं होतं. दोन दिवसांपूर्वी सकाळी दूध आणायला गेले, तेव्हा लांजेवारजी पाण्याकडे वाकून बाटलीतून काहीतरी ओतत होते. मी हे कुणाला सांगितलं नव्हतं. बैठकीतही सांगितलं नाही. पण त्या रात्री मी आमच्या पाण्याला झाकण लावलं आणि वर दगड ठेवला.

दुसऱ्या दिवशी उजाडल्यावर मी फिरायला निघाल्यासारखं दाखवत त्यांच्या मागे गेले. ते तलावाच्या कडेला बेशरमाच्या झुडपांमागे शिरले. मी दबकत पुढे झाले. हातात तीच बाटली.

"बसा न खाली!" मागे न बघताच ते कुजबुजले. "अख्खी कॉलनी पाहून राहिली तुमाले."

मी चिखलात बसले. "काका, बाटलीत काय आहे?"

"तलावाचं पाणी. काल नेलं होतं पाहाले. पाहून झालं का परत टाकतो. ज्याचं त्याले."

मला स्वतःची लाज वाटली, पण त्यांचं लक्ष माझ्याकडे नव्हतं. ते समोरच्या घाटाकडे बघत होते. तिथे मनहरण होता आणि त्याची बायको. ठेल्यावरून एकेक निळा ड्रम उतरवून ती दोघं धूत होती. तळाशी उरलेलं दाट काहीतरी मनहरण पाण्यात ओतत होता. फेसाचा पांढरा पट्टा कमळाच्या पानांपर्यंत पोचला होता आणि त्याच्या भोवती पाण्यावर सातरंगी तवंग हलत होता. बायकोनं हात वर केले, तेव्हा इतक्या लांबूनही दिसलं, कोपरापर्यंत कातडी सोललेली होती.

ते ड्रम मी ओळखले. तसल्याच ड्रमातलं पाणी दोन आठवडे आमच्या वरणभातात होतं.

"साहेब तीन खेप सांगून राहिला होता," लांजेवारजी हळूच म्हणाले. "ज्या घरी ड्रम, त्या घरी सही नाही."

"मग तुम्ही बोलला का नाहीत?"

"पक्कं नव्हतं न. नाव घ्याचं म्हणजे माणसाचं नाव असते थे. चुकलं तर?"

त्या दिवशी आम्ही घरी येऊन ड्रम ओतले आणि शेजारी सांगायला सुरुवात केली. निम्म्यांनी ऐकलं, निम्म्यांनी 'मॅडमलाही लागण झाली' म्हणून मान हलवली. तिसऱ्या दिवशी तलावानंच सांगितलं. सकाळी पाण्यावर सगळीकडे पांढरी पोटं. बोटाएवढे मासे, वीतभर मासे, खालच्या चिखलात राहणारे, आम्ही कधी न पाहिलेले. दुपारपर्यंत कडेला दोन बगळे पडले. म्हशीवाला म्हशींना काठीनं मागे हाकत ओरडत होता.

"पह्यले मासा," लांजेवारजी काठावर उभे राहून म्हणाले, "मंग बगळा, मंग म्हैस, मंग आपण. आपला नंबर शेवटी आहे म्हून आपण खुश."

त्याच दिवशी संध्याकाळी मनहरण नेहमीसारखा ठेला घेऊन कॉलनीत शिरला. त्याला काहीच माहीत नव्हतं. पाचपन्नास लोकांनी त्याला घेरलं. कुणीतरी थोबाडीत मारली. वर्माजींच्या हातात क्रिकेटची बॅट होती. मी गच्चीवरून बघत होते आणि मला, शाळेत शिकवणाऱ्या बाईला, त्याला मार बसावा असं वाटत होतं.

लांजेवारजी गर्दीतून आत घुसले आणि ठेल्यावरचा एक ड्रम खाली ओढून त्यावर बसले. त्यांना गर्दीशी बोलायची सवय नव्हती.

"मारो. पण पहले बताओ, किसके घर में इसका ड्रम नहीं है? वो हाथ ऊपर करे."

कुणाचा हात वर झाला नाही. वर्माजींच्या अंगणात तीन होते.

"इसने तालाब में धोया. काहे धोया? हमको साफ चाहिए था इसलिए." मग एकदम मराठीत, माझ्याकडे वर बघून, "सांगा न मॅडम, कोणी इचारलं याले, का बाबा, याच्यात पह्यले काय होतं? आपण सगळे इतके शहाणे. मी बी नाही इचारलं."

गर्दी हळूहळू पांगली. मनहरण ठेला तिथेच टाकून पळाला.

नंतर महापालिकेची दोन माणसं येऊन बाटल्यांत तलावाचं पाणी भरून घेऊन गेली. ड्रममध्ये काय होतं, ते अजून कुणाला कळलेलं नाही. लोकांनी ड्रमना भोकं पाडली. एकानं त्यात कढीपत्ता लावला. आमच्या मागच्या घरातले दोन ड्रम मात्र एका सकाळी दिसेनासे झाले. ते दुसऱ्या कुठल्या कॉलनीत विकले गेले, असा मला दाट संशय आहे. मी नाव घेत नाही.

सगळ्यांना वाटलं, आता लांजेवारजी तोऱ्यात फिरतील. पण ते घराबाहेर पडेनात. बैठकीत त्यांचा सत्कार ठरला, तिथेही गेले नाहीत. मला वाटलं, आजारी आहेत. मग एका रविवारी सकाळी दारात उभे. हातात जड पोतं, हललं की आत खणखणत होतं.

"मॅडम, स्कूटी काढा. अहिवाऱ्याले जाचं आहे."

"पोत्यात काय आहे?"

"चाला न तुमी."

पोतं माझ्या पायापाशी बसेना, म्हणून ते मागे मांडीवर घेऊन बसले. खड्डा आला की माझ्या पाठीत काहीतरी रुतत होतं. वाटेत एका टपरीपाशी त्यांनी थांबवलं. चहा घेतला, पण प्यायले नाहीत. कपाकडे बघत म्हणाले, "मनहरणची बायको पाह्यली होती तुमी? पोटुशी आहे थे."

मी ते पाहिलं नव्हतं. मी फक्त हात पाहिले होते.

"थे त्याच ड्रमातलं पाणी पीत असन. गरिबाच्या घरी दुसरं काय राह्यते?"

"आपण सांगून येऊ त्यांना."

त्यांनी कप बाकावर ठेवला. मग म्हणाले, "आमच्या घरी बी होता. निळाच. घर बांधलं तवा आणला, मीच. सस्ता भेटला म्हून. बांधकाम झालं, पण ड्रम तसाच राह्यला. सिंधू त्यातच पाणी भरून ठेवे." सिंधू म्हणजे त्यांची बायको. आम्ही राहायला येण्याच्या कितीतरी आधी गेलेली, मी तिचं नावही पहिल्यांदाच ऐकत होते. "मंग तिचं पोट दुखाले लागलं. डॉक्टर म्हणे, अशी बिमारी कशानंही होते. ड्रमानं झालं, असं कोणी नाही म्हटलं मॅडम. ड्रमानं नाही झालं, असंही कोणी नाही म्हटलं."

चहावर साय धरली होती.

"सारी नोकरी लोकाचं पाणी पाह्यलं. घरचं नाही पाह्यलं."

मी पैसे दिले आणि स्कूटी सुरू केली.

मनहरणचं घर गावाबाहेर होतं. आम्हाला बघताच तो मागच्या भिंतीवरून उडी मारून पळाला. त्याला वाटलं, आम्ही पोलिसांना घेऊन आलोय. लांजेवारजी त्याच्या मागे ओरडत राहिले, "अरे, मी पेन्शनर आहे बाबा! पेन्शनर!" हसू येण्यासारखंच दृश्य होतं ते, पण दारात त्याची बायको दुलारी उभी होती, घाबरलेली, दोन्ही हात पदरात लपवून. तिच्या मागे अंगणात निळा ड्रम होता, पाण्यानं काठोकाठ भरलेला.

लांजेवारजी तिच्याशी तिच्याच छत्तीसगढी बोलीत बोलले. मला वाटलं होतं, ते पुराव्यानिशी सगळं सांगतील. त्यांनी एवढंच सांगितलं, की बेटी, यातलं पाणी पिऊ नको, हात बरे होईपर्यंत ड्रमला हात लावू नको. माझ्या शाळेजवळच्या दवाखान्यात तिला न्यायचं त्यांनी परस्पर ठरवून टाकलं, माझ्या स्कूटीवरून. मग पोतं उघडलं. आत दोन पितळी गुंड होते, भंडाऱ्याकडे पाणी भरायला असतात तसे, मोठ्या पोटाचे. चिंचेनं घासून लख्ख केलेले. गळ्याच्या आतल्या बाजूला, जिथे म्हाताऱ्या हाताची बोटं पोचली नव्हती, तिथे हिरवट डाग राहिले होते.

त्यांनी स्वतः ड्रम लवंडला. समोरच्या हातपंपावरून दोन्ही गुंड भरून आणले. एक मी उचलायला गेले, तर दिला नाही. दुलारी आधी नको नको म्हणत होती, मग तिनं पदरातून हात काढून गुंडाच्या काठावरून बोट फिरवलं. तिथे ठिपक्याठिपक्यांनी कोरलेली अक्षरं होती.

"एमा का लिखाय हे, बबा?"

त्यांनी चष्मा लावला आणि पाठ असलेलं वाचावं तसं वाचलं. "सौ. सिंधू श्यामराव लांजेवार." मग म्हणाले, "मोर घरवाली के नाव ए."

"ओला नइ लागही का?" तिला नको का हे, दुलारीनं विचारलं.

लांजेवारजींनी गुंडाखालची चुंबळ सरळ केली. एकदा माझ्याकडे पाहिलं, लगेच नजर काढून घेतली.

"ओही ह तो भेजे हे," ते म्हणाले. तिनंच तर पाठवलंय.

दुलारी पहिल्यांदा हसली. "एक दिन संग मा लानबे ओला, बबा." एक दिवस तिलाही सोबत आणा.

"हव," ते म्हणाले. "लानहूं."

मी किल्ली शोधायला पर्समध्ये हात घातला. ती लगेच हाताला लागली, तरी मी बराच वेळ शोधत राहिले.